एकट्याने सही करणाऱ्या नव्या सीएंसाठी

सीओपी, म्हणजे सीएला स्वतंत्र प्रॅक्टिस करायचं प्रमाणपत्र, हातात येते, फर्मचं नाव मंजूर होतं, पाटी लागते आणि त्या दिवसापासून प्रत्येक सहीची जबाबदारी एकट्याची होते. आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीत, आपण तयार केलेली फाइल शेवटी प्रिन्सिपलच्या, म्हणजे शिकवणाऱ्या सीएच्या, नजरेखालून जायची. स्वतःच्या ऑफिसात ती नजरच नसते. नव्या प्रॅक्टिसमधल्या बहुतेक चुका ज्ञान कमी म्हणून होत नाहीत, विचारायला कुणी नसतं म्हणून होतात.

व्याख्यानं भरपूर आहेत, तीन वर्षांतले १२० सीपीई तास (सीएंचं सक्तीचं सततचं शिक्षण) त्यासाठीच असतात. पण दोनशे जणांच्या सभागृहात 'मी फी किती सांगू?' हे कुणी विचारत नाही. त्यासाठी चार-पाच जणांचा छोटा गट लागतो. त्यात एक-दोघं पाच-सात वर्षं प्रॅक्टिस केलेले असावेत, कारण सुरुवातीच्या अडचणी त्यांना अजून आठवत असतात. सगळे एकाच बाजारपेठेतले नकोत. एक सांगलीचा, एक लातूरचा, एक नाशिकचा असेल तर क्लायंटवरून ओढाताण होत नाही. एरवी पंधरा दिवसांतून दोन तास, टॅक्स ऑडिटच्या (आयकरासाठीच्या हिशेब तपासणीच्या) हंगामात दर आठवड्याला.

पहिला नियम गोपनीयतेचा. क्लायंटच्या संमतीशिवाय त्याची माहिती बाहेर देणं हे सीए कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणून ग्रुपवर ट्रायल बॅलन्सचा (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीचा) फोटो टाकायचा नाही. नाव, पॅन, जीएसटी नंबर काढून फक्त प्रश्न मांडायचा, आणि इतक्या माहितीवरूनही क्लायंट ओळखू येणार असेल तर तो प्रश्न गटात आणायचाच नाही.

फीबद्दल मात्र मोकळेपणाने बोला, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. समजा ऑफिस, सहायक, सॉफ्टवेअर आणि स्वतःचा घरखर्च धरून महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आहे आणि बिल करता येतील असे तास १०० आहेत. मग तासाला ६०० रुपये हा नुसता खर्च झाला. बारा तासांचं काम ५,००० रुपयांत घेतलं तर २,२०० रुपये खिशातून जातात. हे गणित एकट्याने टाळलं जातं, चौघांसमोर मांडावं लागतं.

दुसऱ्या सीएकडचं ऑडिट आपल्याकडे येतं तेव्हा घाई सगळ्यात महागात पडते. आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय नियुक्ती स्वीकारता येत नाही. फोनवर बोलणं झालं म्हणजे कळवलं असं होत नाही, पोच हवी. त्याची वाद नसलेली ऑडिट फी थकली असेल तर ती आधी चुकती व्हायला हवी. हे पत्र, एंगेजमेंट लेटर (कामाच्या अटींचं पत्र) आणि मॅनेजमेंट रिप्रेझेंटेशन (क्लायंटने दिलेलं लेखी निवेदन), या तिन्हींचे मसुदे गटाने एकदा बसून पक्के करावेत.

टॅक्स ऑडिटमध्ये एकमेकांना नेमके प्रश्न विचारा. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने आलंय का? सूक्ष्म-लघु उद्योगांची थकीत बिलं चुकती करायला सरसकट ४५ दिवसांची मुदत धरलीत का? लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच आहे. पुरवठादार निव्वळ व्यापारी आहे की उत्पादक, हे उद्यम प्रमाणपत्रावरून (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीवरून) पाहिलं का? यूडीआयएन, म्हणजे सही केलेल्या दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, काढला का? त्यासाठी सहीपासून ६० दिवस मिळतात, पण तो सहीच्या दिवशीच काढायची सवय बरी. ऑडिट रिपोर्टच्या तारखेपासून ६० दिवसांत वर्किंग पेपर्सची (तपासणीच्या नोंदी आणि पुराव्यांची) फाइलही बांधून व्हायला हवी. ही फाइल नेहमी मागे पडते, कारण क्लायंट तिच्याबद्दल विचारत नाही.

आणखी एक गोष्ट गट तयार होतानाच ठरवा: ऐन सप्टेंबरमध्ये कुणी आजारी पडलं तर काय. ११ आणि २० तारखेची जीएसटी रिटर्न्स क्लायंटच्या लेखी संमतीने दुसरा सदस्य भरू शकतो. ऑडिटवर सही मात्र त्याला करता येत नाही, त्यासाठी क्लायंटने त्याची रीतसर नियुक्ती करावी लागते. हे क्लायंटला एंगेजमेंट लेटर देतानाच सांगून ठेवा.