या, बसा, लोळा

सप्टेंबर लागला की साताऱ्यात घरोघरी फोन वाजू लागतात. वर्षभर ज्यांना आपण आहोत की गेलो याचं सोयरसुतक नसतं, असे मावस-चुलत, आत्याचे जावई, पुण्यातल्या जुन्या शेजाऱ्यांचे साडू, सगळे एकच विचारतात, “फुलं आली का हो?” जणू फुलं शिवशाहीनं यायची असतात आणि मी उतरवून घ्यायला स्टँडवर उभी असते.

आली आहेत. या. आणि येणारच आहात तर असे या की आल्याचं कळलं पाहिजे, तुमच्या फोनमधल्या लोकांनाही आणि पुढची काही वर्षं कासच्या पठारालाही. परवाच्या रविवारी मी कासला जाऊन आले. तिथं एकापेक्षा एक तयारीची मंडळी भेटली. त्यांच्याकडून जे शिकले ते तुमच्या सोयीसाठी लिहिते.

निघायचं रविवारीच. मंगळवारी, बुधवारी वर कोणी नसतं, नुसती फुलं असतात; त्यात काय बघायचं? पोटभर नाश्ता करून यवतेश्वरच्या घाटाला अकराच्या सुमारास लागावं, म्हणजे अख्खं पुणे तिथंच भेटतं. पुढची गाडी थांबलेली दिसली की समजावं, तिचा ड्रायव्हर मूर्ख आहे. आपण उजवीकडून काढायची. समोरून बामणोलीची एसटी आली तर ती घेईल मागं, तिला काय उद्योग असतो? दुपारी परतताना मी त्याच एसटीत होते. शेजारी एक आजी होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर होता म्हणून लेकाकडं मुक्कामाला निघालेल्या. दीड तासात त्यांनी एकदाच तोंड उघडलं. “आज कसली जत्रा हाय का?”

बुकिंगचं फार मनावर घेऊ नका. ऑनलाइन नोंदणी, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, हे सगळं बाकीच्यांसाठी असतं. आपण थेट फाटकावर जायचं आणि कुणाला तरी फोन लावून “जरा साहेबांशी बोला” म्हणत पुढं करायचा. फाटकावर जी पोरं उभी असतात ती आसपासच्या गावांतली, कास, एकीव, आटाळी, कासाणी. पठार सांभाळायला या गावांची समिती आहे. त्यातल्या एखाद्याला “मी कोण आहे माहितीय का?” असं अवश्य विचारा. तो खरंच विचारात पडतो.

कुंपण होतं तेव्हा ‘फुलांना काय तुरुंगात टाकलंय’ म्हणून ओरडायचं होतं. आता काढलंय, तर सरळ आत.

आता मुख्य विषय, फुलं कशी बघावीत.

उभ्यानं बघू नयेत. उभ्यानं फुलं बघणं हे मागासलेपण झालं. वाकून, भिंग लावून बघणाऱ्यांना तर काही कामधंदे नसतात. (मी त्यांच्यातलीच.) फुलांची नावंही विचारत बसू नका. तेरडा, सोनकी, कवळा, गेंद, सीतेची आसवं, एवढं कुठं लक्षात ठेवणार? ‘पर्पल’ आणि ‘यलो’ एवढ्यावर भागतं. पर्पलमध्ये शिरायचं, अंगाखाली चांगलं जाडसर येईल अशी जागा बघायची आणि पसरायचं.

परवा मी पायवाटेच्या कडेला बसले होते. माझे गुडघे असे आहेत की एकदा खाली बसले की उठण्याचा कार्यक्रम वेगळा आखावा लागतो. तरी बसले, कारण समोर दवबिंदू होता. ही वनस्पती रुपयाएवढी, जमिनीला चिकटून, तांबूस. पानांवर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. चिलटाला वाटतं पाणी आहे. येतं, बसतं आणि अडकतं, मग केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. कासचं पठार म्हणजे जांभ्याचा कातळ, वर माती कुठं चार बोटं, कुठं तेवढीही नाही, आणि आहे तिच्यातही नत्राची बोंब. मग काही झाडांनी किडे पकडून पोट भरायची तोड काढली. सीतेची आसवंही त्यांच्यातलीच. वरून निळीजांभळी नाजूक फुलं, आणि खाली चिखलात बारीक फुगे लावून सापळे मांडलेले. तर मी भिंगातून बघत होते. एक चिलट नुकतंच अडकलं होतं, एक पाय अजून सुटा होता, तो हलत होता. एवढ्यात भिंगात पांढरं काहीतरी आलं. बूट होता. कोरा, पांढराशुभ्र. तो उचलला गेला तेव्हा खाली चिलटही नव्हतं आणि दवबिंदूही नव्हता.

वरून आवाज आला, “मावशी, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा ना, प्लीज.”

मी झाले बाहेर. उठायला वेळ लागला, तेवढा वेळ ते थांबले, संस्कारी होते. नवरा पांढऱ्या कुर्त्यात, बायको मोरपंखी गाऊनमध्ये, सोबत कॅमेरावाला आणि डोक्यावर भुणभुणणारा ड्रोन. नवरा तेरड्यात उताणा पडला. वरून ड्रोन खाली येणार, हा डोळे मिटून हसणार, असा बेत. पहिल्यांदा ड्रोनची सावली आली. दुसऱ्यांदा हसू बरोबर नव्हतं. तिसऱ्यांदा जमलं, पण तिथली फुलं तोवर ‘फ्लॅट’ झाली होती, म्हणून चौथ्यांदा दोन पावलं पलीकडं ताज्यात. समितीचा पोरगा शिट्टी फुंकत धावत आला, तर हे म्हणाले, “तिकीट काढून आलोय आम्ही.”

अहो, तिकीट काढून एसटीत बसता, तेव्हा कंडक्टरच्या मांडीवर लोळता का?

मी थोडी आवाज चढवून म्हणाले, “अहो, बी धरायच्या आत चिरडलीत तर पुढच्या वर्षी उगवायचं काय?” तर हसले. “मावशी, फुलंच आहेत ती. परत येतात.” आता या विद्वानाला कोण सांगणार? तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आपल्या आजीपासून सगळ्यांना पाठ. पण तेरडा एका पावसाळ्याचा गडी आहे. उगवायचं, फुलायचं, बोंडं धरायची, ती टचकन फुटून बी उडायचं, आणि मरायचं. त्या उडालेल्या बियांवर पुढचं वर्ष. मधल्या दिवसांत त्याच्यावर पंचाऐंशी किलोचा माणूस लोळला की तिथलं खातं बंद. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. माझं वय धरता मला ती आणखी दोनदा दिसेल, फार तर तीनदा. त्यातला एखादा बहर कोणाच्या तरी पाठीखाली जायचा असेल तर आधी सांगा, मी तेवढं मन घट्ट करून ठेवीन.

तो उठला तेव्हा जागेवर माणसाच्या आकाराचा खड्डा होता. डोकं, खांदे, फाकलेले हात, सगळं नीट. कुर्त्याच्या पाठीवर हिरवे-गुलाबी ओघळ. ते बघून बायको मात्र हळहळली. माझ्याकडं वळून म्हणाली, “मावशी, याचा डाग जातो का हो?”

आणि मी म्हणाले, “लिंबू लावून उन्हात ठेवा.”

चार दिवस झाले, मला झोप नाही. जिभेला सवय असते हो. कोणी डाग दाखवला की तोंडातून उपाय बाहेर पडतो.

असो. कासच्या पुढची ठिकाणंही करायचीच असतील.

कास तलावात गाडी जरूर धुवा. ते पाणी साताऱ्याच्या नळाला येतं, म्हणजे घरचंच आहे.

लिंबची बारा मोटांची विहीर चुकवू नका. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली, खोली ११० फूट. एका वेळी बारा मोटा चालायच्या, आमराईला पाणी जायचं, आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल. तीनशे वर्षांत त्या दगडावर एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे तुमचं नाव. किल्लीनं कोरलं तर चांगलं उमटतं, शेजारी बदाम काढायला विसरू नका.

अजिंक्यतारा घ्यायला औरंगजेब स्वतः येऊन बसला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला असा झुंजवला की महिने गेले, सुरुंग लावावे लागले, तेव्हा कुठं १७०० च्या एप्रिलमध्ये तो पडला. तुम्ही दहा मिनिटांत गाडीनं वर येता आणि बाटल्या फोडून जाता. त्या मानानं औरंगजेबच कच्चा.

ठोसेघरच्या धबधब्यापाशी कठडा दिसेल. तो ओलांडण्यासाठी असतो. तुम्ही खाली गेलात तर काळजी नको, आमच्याकडची पोरं आपली कामं सोडून पावसात दोर घेऊन दरीत उतरतात.

वासोटा किल्ल्याला बामणोलीहून बोटीनं जायचं, शिवसागर जलाशय ओलांडून. पलीकडं वनखात्याची माणसं पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात, अनामत ठेवून घेतात आणि परतताना पुन्हा मोजतात. किती अपमान! अनामत बुडाली तरी चालेल, बाटली परत आणायची नाही. ब्लूटूथ स्पीकर मात्र हवाच. हे कोयना अभयारण्य, २०१० पासून चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. किल्ल्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. वाघाला कळायला हवं ना, कोण आलंय ते.

सांगलीकडं जाणार असाल तर सागरेश्वर. दहा-अकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य, तेही उघड्याबोडक्या डोंगरांवर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं, धों. म. मोहिते यांनी त्यापायी आयुष्य घातलं. तिथल्या चितळांना कुरकुरे टाका, गवत खाऊन कंटाळली असतील.

तर २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात आपल्या राज्यातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तेव्हा आम्ही पेढे वाटले. वारसा म्हटलं की वारस येणार आणि वारस आले की वाटणी, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

आम्ही सातारकरही काही धुतल्या तांदळाचे नाही. पठाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर ‘व्हॅली व्ह्यू’ची पाटी लावून जागा विकणारे आमचेच. गरम मॅगी करून प्लेटा मागच्या उतारावर भिरकावणारेही आमचेच. माझा सख्खा भाचा गेल्या वर्षी सोनकीचा गुच्छ करून माझ्यासाठी घेऊन आला होता. तासाभरात माना टाकल्या त्या फुलांनी. मी त्याला काही बोलले नाही, प्रेमानं आणलेली म्हणून. बोलायला हवं होतं.

आता बोलते. पुरे झाली ती मस्करी. तुम्हाला कोणी बोलावलं होतं का? फुलं बघायची नाहीत, किल्ला बघायचा नाही, विहीर कोणी बांधली हे विचारायचं नाही, तर मग येता कशाला? स्वतःचं तोंडच बघायचं असेल तर घरी आरसा आहे की. दोन दोनशे किलोमीटर गाडी हाणायची, घाट तुंबवायचा, आजारी म्हातारीला दीड तास उन्हात तापत्या एसटीत बसवायचं, आणि करायचं काय, तर डोळे मिटून पडायचं! डोळे मिटून! एवढ्या फुलांत! लाज नाही वाटत? बापाचं पठार आहे? शिट्टी मारणारं ते पोर विशी-बाविशीचं असेल. दिवसभर उन्हापावसात उभं राहून तुमची बोलणी खातं. त्याच्यावर तिकिटाचा रुबाब? पायवाट आखून दिलीय ना, तिच्यावरून चाला. तेवढं पाच वर्षांच्या पोरालाही जमतं. आणि खाल्लेल्याचा कागद खिशात घाला, खिसा झिजत नाही तुमचा.

हे लिहिता लिहिता पुन्हा फोन वाजला. आत्याचे जावई. “येत्या रविवारी निघतोय, दोन गाड्या आहेत. फुलं आहेत ना अजून?”

“संपली हो,” म्हटलं. “परवाच्या पावसानं सगळी झोपली.”

अजून पंधरा दिवस आहेत. मी मंगळवारी जाणार आहे, भिंग घेऊन.