पातेल्याचं बूड

सहलीला जाताना भांडी सगळ्यांची असतात, परतताना एकाचीच. तो एक जण कोण, हे भूगोल ठरवतो. आमचं घर टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ. जांबोटीकडून बेळगावात शिरलं की आमच्या टोळक्यातलं पहिलं घर आमचंच. गाडी थांबली, डिकी उघडली, सिमेंटच्या पोत्यात कोंबलेला काळाकुट्ट ऐवज फाटकाच्या आत सरकवला गेला आणि "राहू दे की तुझ्याकडं, उद्या येतो बघ सगळे घासायला" असं म्हणून मंडळी पसार झाली. तो उद्या अजून उगवायचाय.

मुक्काम मात्र झकास झाला, हे नाकारत नाही. भीमगड अभयारण्यात विस्तव पेटवायला मनाई, म्हणून एका मित्राच्या मामांच्या शेतात तंबू ठोकले. आमच्यातल्या बँकवाल्या मित्रानं तीन दगडांची चूल मांडली आणि बांधावर पडलेली लाकडं गोळा करून आणली. ती दवानं चिंब होती. मामी बघायला आल्या. म्हणाल्या, "अरे, भांड्याला बाहेरनं माती कालवून त्याचा हात फिरवा की. मग काजळी मातीला धरतीय, भांड्याला न्हाई." बँकवाला म्हणाला, "मामी, आम्ही कॅम्पिंगला आलोय." मामी काही बोलल्या नाहीत. जाताना पातेल्याकडं मात्र त्यांनी एकदा दयेनं बघितलं.

ओलं लाकूड नीट जळत नाही. निम्मी आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. मग अर्धवट जळलेला धूर उठतो, त्यातला डांबरासारखा चिकट अंश पातेल्याच्या थंड बुडावर जाऊन बसतो आणि त्यावर काजळी थापली जाते. कोरडी काजळी साबणाला ऐकते. हा चकाकणारा थर कुणाचंच ऐकत नाही. हे सगळं मला आता तोंडपाठ आहे, कारण मोरीत पाटावर बसून विचार करायला वेळच वेळ मिळतो.

आतली तऱ्हा निराळी. भात खाली लागला होता. चांगला बोटभर लागला होता. पळी हातात घेऊन फोटो काढून घेण्यात चौघंही इतके गुंतले होते, की ती पळी पातेल्यात घालून ढवळायची असते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वास सुटल्यावर पुढाऱ्यानं जाहीर केलं, "ही खरपुडी म्हणजे चुलीवरची खरी चव." (पुढारी म्हणजे आमचा मित्र, खराखुरा नव्हे. पण कुठलंही नुकसान यश म्हणून खपवायची कला त्याच्याकडं उपजत आहे.) बेळगावात दूध तांबूस होईपर्यंत आटवलं तर त्याचा कुंदा होतो आणि लोक डबे भरभरून पाव्हण्यांकडं नेतात. भाताला हा मान अजून कुणी दिलेला नाही.

पोतं उघडल्यावर घरातली माणसं एकेक करून बाहेर आली, बघितलं आणि सल्ला देऊन आत गेली. आई म्हणाली, "राख घे. राखेसारखं काही नाही." बरोबरच आहे. राखेत क्षार असतात, ते तेलकटपणा कापतात, आणि बारीक कण घासायचं काम करतात. पण गॅसच्या घरात राख आणायची कुठून? मामींच्या शेतात घमेलंभर पडली होती, ती पुढाऱ्यानं पर्यावरणाच्या काळजीनं खड्डा काढून पुरून टाकली. बायको म्हणाली, "धुण्याचा सोडा टाकून उकळा." टाकला. तासाभरानं उचलून बघतो तर पातेलं आधी जिथं पांढरं होतं तिथंही काळवंडलेलं. जर्मनच्या भांड्याला धुण्याचा सोडा चालत नाही. क्षार ॲल्युमिनियमलाच खायला लागतो. हे बायकोला माहीत होतं का, हा प्रश्न मी विचारलेला नाही.

पुढाऱ्यानं एक व्हिडिओ पाठवला. त्यात नेलपॉलिश लावलेला एक हात काळ्या कढईत कोला ओततो, टूथपेस्ट पिळतो, टिश्यू पेपर फिरवतो आणि कढई आरशासारखी होते. मला कढईपेक्षा त्या हाताचं नवल वाटलं. एकाही नखात काजळी नाही! माझे हात बघून त्या आठवड्यात भाजीवालीनं सुटे पैसे पिशवीतच टाकायला सांगितलं होतं.

उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत काम करणाऱ्या मित्राचा उपाय सरळ होता. "आण की आमच्यात. शॉट ब्लास्टिंगला टाकू. दोन मिनिटांत पांढरं करून देतो." आमच्या गावचं हे एक वैशिष्ट्य आहे. इथं कुठल्याही अडचणीवर उद्यमबागेत एखादं यंत्र असतं. फक्त ते यंत्र ओतीव लोखंडाच्या जाड कास्टिंगवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करण्यासाठी असतं. जर्मनचं पातळ पातेलं त्यात घातलं असतं तर चाळण होऊन परत आलं असतं. चाळण आमच्याकडं आहे.

बाकीची भांडी सुटली. रश्श्याच्या स्टीलच्या भांड्यात गरम पाणी आणि खायचा सोडा घालून रात्रभर ठेवलं, सकाळी करपलेला मसाला पापुद्र्यानं निघाला. त्यावर आचेचे निळे-जांभळे डाग उरले होते, ते लिंबाच्या फोडीनं गेले. तव्याचं मात्र वाईट झालं. बँकवाल्याला शेतातच अपराधी वाटलं असावं, त्यानं निघायच्या आधी तो बिडाचा तवा तारेच्या घासणीनं खरवडून लख्ख केला. त्याच्यावरचा काळा थर म्हणजे वर्षानुवर्षं जिरून कडक झालेलं तेल. त्यानंच भाकरी सुटते, त्यानंच गंज अडतो. टिळकवाडीला पोचेपर्यंत तव्यावर तांबूस छटा आली होती. आईनं तो बघितला आणि तेलाची बाटली घेऊन, कुणाशीही न बोलता, गॅससमोर उभी राहिली.

उरलं ते मोठं पातेलं. चिंचेचा कोळ घालून उकळल्यावर आतून पांढरं झालं, आंबट ॲल्युमिनियमचा काळेपणा काढतं. बाहेरच्या बुडाला खानापूरच्या कौलाचा चुरा लावला. शेजारच्या जुन्या घराची कौलं उतरवत होते, त्यातलं फुटकं एक मागून आणलं. नारळाची शेंडी घेऊन घासायला बसलो. राकसकोपचं धरण भरून वाहत असलं तरी आमच्या नळाला पाणी त्याच्या लहरीनं येतं, म्हणून ते आलं की घासायचं आणि गेलं की काळ्या हातांनी पेपर वाचायचा.

अशाच एका पाण्याला काठाखाली अक्षरं उमटली. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. तोवर पातेलं नक्की कुणाचं हे मला ठाऊकच नव्हतं, प्रत्येक जण "आमचं न्हवं" म्हणत होता. हलशीत कदंब राजांचे ताम्रपट सापडले तेव्हा वाचणाऱ्याला काय वाटलं असेल, याची मला थोडी कल्पना आली. पुसून बघतो तर कन्नड. आमच्यात कन्नड धडपणे वाचणारा एकटा फौंड्रीवाला, तोही दुकानांच्या पाट्या वाचून वाचून तयार झालेला. फोटो पाठवला. बराच वेळ त्याचं काहीच उत्तर नाही. मग फोन आला, आवाज बारीक.

"आमच्या घरमालकीण अक्कांचं हाय ते. मीच आणलेलं. इसरलो की."

लख्ख केलेलं पातेलं छातीशी धरून आम्ही दोघं अक्कांकडं गेलो. बुडात तोंड दिसत होतं. अक्कांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि कपाळाला हात लावला.

"अय्यो! बूड कशाला घासलासा? काळं असलं की पाणी लौकर तापतंय. आता किती लाकडं जाळायची मी?"

"पाणी? कसलं पाणी, अक्का?"

"आंघोळीचं की. मागच्या चुलीवर रोज हेच असतंय. तुम्ही मोठं पातेलं पाहिजे म्हणालासा, मला वाटलं आंघोळीला पाणी तापवायला नेतासा."

फौंड्रीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. चुलीवरची खरी चव म्हणत पुढाऱ्यानं तीनदा भात वाढून घेतला होता, खरपुडीसकट. त्याला फोन कुणी करायचा, यावर आम्ही गेटपर्यंत भांडलो.