कन्व्हर्टर मारण्याची आणि पुन्हा बसवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आपल्या गाडीची उत्सर्जन तपासणी आठवड्यावर आली असेल, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा गेले कित्येक महिने जळत असेल आणि कोड वाचणाऱ्या यंत्राने पी०४२० असा आकडा दाखवला असेल, तर आपण अगदी योग्य वेळी जागे झाला आहात. याहून लवकर जागे होणे उतावळेपणाचे ठरले असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे, एवढेच हा कोड सांगतो. ती का गेली, याबद्दल तो मौन पाळतो आणि आपणही विचारू नये, कारण विचारले की उत्तर मिळण्याचा धोका असतो.

कन्व्हर्टर हा गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या अलीकडे बसवलेला पत्र्याचा डबा. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते, तिच्या एका चौरस इंचात सुमारे ४०० आरपार छिद्रे असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तो बऱ्याच अंशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत रूपांतर करतो. यात हलणारा एकही भाग नसल्याने तो सहसा आपणहून मरत नाही. त्याला मारावे लागते आणि त्यासाठी चिकाटी लागते. पूर्वी हे काम पेट्रोलच करीत असे. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने १९५०च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी कन्व्हर्टर तयार केला खरा, पण पेट्रोलमधले शिसे त्या धातूंवर बसून तो निकामी करीत असे. म्हणून १९७५च्या सुमारास अमेरिकी मोटारींवर कन्व्हर्टर आले तेव्हा त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. शिसे गेले आणि मेहनत आपल्यावर आली.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मिसफायर. एखाद्या सिलिंडरचा स्पार्क प्लग झिजला किंवा इग्निशन कॉइल गेली की त्यातले इंधन न जळताच बाहेर पडते आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते. अशा वेळी इंजिनाचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागतो. गाडी ताबडतोब सावकाश घ्या, नाहीतर कन्व्हर्टर जाईल, असा त्याचा अर्थ असतो. आपण तो ‘दिवा अजून चालू आहे, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ असा घ्यावा. थोड्याच वेळात डब्याचा पत्रा अंधारात लालसर दिसू लागेल आणि तापमान १,४०० अंशांच्या पुढे गेले की आतली सिरॅमिकची वीट वितळून तिची छिद्रे बुजतील. मग गाडी चढावर दम टाकू लागेल, कारण धुराला बाहेर पडायला वाटच उरलेली नाही. एवढा धीर नसेल तर इंजिनाला ऑइल पिऊ द्यावे. ऑइलमधल्या फॉस्फरस आणि जस्ताचा थर त्या महाग धातूंवर हळूहळू साचत जातो आणि त्याची वाच्यताही होत नाही.

मृत्यूची खातरजमा करायची असेल तर इंजिन थंड असताना डब्यावर रबरी हातोड्याने हलकेच ठोका. आतून खुळखुळा वाजावा तसा आवाज आला तर विटेचे तुकडे झाले आहेत. आवाज आला नाही तर मात्र कन्व्हर्टरच्या पुढे-मागे धुरातला ऑक्सिजन मोजणारे जे दोन सेन्सर असतात त्यांतला मागचा बिघडला असेल किंवा एक्झॉस्टच्या जोडाला कुठेतरी फट पडून बाहेरची हवा आत ओढली जात असेल. या दोन्ही गोष्टी कन्व्हर्टरच्या मानाने स्वस्त असल्याने त्या तपासण्यात वेळ घालवू नये.

आता तपासणी. अनुभवी मंडळींचा पहिला सल्ला असतो, ‘कोड पुसून टाका.’ बटण दाबले की दिवा विझतो आणि मनाला जो गारवा मिळतो तो कोणत्याही दुरुस्तीने मिळत नाही. अडचण इतकीच की कोडबरोबर गाडीच्या संगणकातील आत्मपरीक्षणाच्या नोंदीही पुसल्या जातात. जिथे तपासणीत गाडीला स्कॅनर जोडतात तिथे कन्व्हर्टरच्या नावापुढे ‘तयार नाही’ अशी नोंद दिसते आणि आपल्याला परत पाठवले जाते. ती नोंद पूर्ण व्हायची तर इंजिन थंड असताना सुरू करून, काही वेळ संथ आणि काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवावी लागते. तेवढ्यात संगणकाला कन्व्हर्टर मेल्याचा साक्षात्कार पुन्हा होतो आणि दिवा परत लागतो. आपण बटण पुन्हा दाबावे. हा क्रम तपासणीच्या मुदतीपर्यंत कितीही वेळा करता येतो.

दुसरा सल्ला अधिक कल्पक आहे. डब्यातली वीट पहारीने फोडून काढावी. बाहेरून डबा जसाच्या तसा दिसतो. मग मागचा सेन्सर बोंब मारतो, म्हणून त्याला नळीची पुरवणी लावून धुरापासून जरा दूर बसवावे. कन्व्हर्टर धडधाकट असताना पुढच्या सेन्सरचा आलेख सतत वरखाली होतो आणि मागचा बराचसा सपाट राहतो. ही पुरवणी तो सपाटपणा बनावटीने आणू पाहते. एवढे साधल्यावर तपासनीस धूर बाहेर सोडणाऱ्या नळीत गॅसमापकाची नळी घालतो आणि यंत्र जे असेल ते छापते. यंत्राला कल्पकतेची कदर नसते.

शेवटी हताश होऊन नवा कन्व्हर्टर घ्यायचाच झाला, तर सर्वांत स्वस्त निवडा. त्यात धातूंचा थर बेताचाच असतो, त्यामुळे तो जुन्याच्या वाटेने लवकर जातो. बसवताना डब्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते पाहू नका, जुनेच गॅस्केट वापरा आणि फट राहिली तर सेन्सरच्या अलीकडेच सिलिकॉन भरपूर थापा, म्हणजे सेन्सरही सोबतीला जाईल. काढलेला डबा ‘मी टाकून देतो’ असे मेकॅनिक प्रेमाने म्हणाला तर कृतज्ञ राहा. त्यातल्या प्लॅटिनमबद्दल तोही बोलणार नाही, आपणही बोलू नये.

तपासणीच्या दिवशी रांगेत इंजिन बंद करून निवांत बसा. कन्व्हर्टरला काम सुरू करायलाच सुमारे २५० ते ३०० अंश तापमान लागते, तेव्हा थंड गाडी आत नेल्यास नवा डबाही नापास होऊ शकतो. दुर्दैवाने कोणी गाडी आधी चांगली तापवून आणलीच, तर प्रमाणपत्र मिळून जाईल. परतताना चढावर इंजिन पूर्वीसारखेच धक्के देईल, कारण ती जुनी कॉइल आपण बदललेली नाही, आणि दिवा लुकलुकू लागेल. नव्या कन्व्हर्टरची पावती मात्र जपून ठेवा. तिच्या मागे बारीक अक्षरांत ‘इंजिनातील दोषामुळे झालेले नुकसान हमीत समाविष्ट नाही’ असे छापलेले असते, ते सावकाश वाचता येईल.