नायी आणि नाई

कोपरापर्यंत केस चिकटलेत, अंगठा सुजलाय आणि शेजारच्या काकांनी मला बेळगावातल्या शहापूरच्या अख्ख्या गल्लीत 'कोंबडी सोलणारा' करून सोडलंय. का, तर ओट्यावर बसून वायर फॉक्स टेरियर जातीच्या कुत्र्याचे केस उपटत होतो.

उपटायचेच असतात. वरचा केस तारेसारखा राठ, खाली मऊ लोकर. राठ केस टोकाकडे जाड नि गडद, बुडाशी बारीक नि फिका. मशीन फिरवली की टोक जातं, बूड राहतं; काळे-तांबूस ठिपके धुवट होतात, कुत्र्याची उशी होते. पैसे मोजून ती उशी करून आणली तेव्हा हेच काका "किती ग्वाड दिसतंय!" म्हणाले होते.

आज कंपाउंडवर कोपर टेकून उभे.

"काय करायलास रे? जिवंत हाय न्हवं ते?"

"मेलेला केस काढतोय काका. दुखत नाही त्याला."

"मेलाय तर आपसूक पडंल की."

"याचा पडत नाही."

"माझे बघ. न सांगता गेले."

यावर काय बोलणार? मग मुधोळ कुत्र्याचं कौतुक झालं, त्याला कसा कंगवासुद्धा लागत नाही वगैरे. आणि मग त्यांना सुचलं, "कानडीत नायी म्हंजे कुत्रं, हिंदीत नाई म्हंजे न्हावी. हितं नायी कोण नि नाई कोण, कळंना झालंय!" हा विनोद त्यांनी दूधवाल्याला कानडीत सांगितला, भाजीवालीला मराठीत. बेळगावात राहिलं की अपमानही दोन्ही भाषांत होतो.

मी आपला पाठीवर. चिमटीला खडूची पूड, म्हणजे केस निसटत नाही. डाव्या हाताने कातडी ताणायची, पाच-सहाच केस धरायचे आणि उगवतात त्या दिशेला, शेपटीकडे, सरळ ओढायचे. मनगट वळलं की केस मधेच तुटतो, मग मशीनने काय वाईट केलं होतं? पिकलेला केस अलगद येतो; येत नसेल तर पंधरा दिवस थांबावं. पोट, गळा, जांघ इथली कातडी नाजूक, तिथे कात्रीच. कातडी लाल दिसली की त्या दिवसापुरतं बस्स. आधी आंघोळ तर मुळीच नाही, केस मऊ पडून बोटांतून सटकतो. म्हणून आज पाठ आणि कुशी; डोकं नि मान उद्या. मिरगाच्या आत नवे राठ केस यायला हवेत, नाहीतर इथल्या पावसात ते बिचारं कोटाशिवाय कुडकुडणार.

दाढी उपटत नाहीत, विंचरतात. ती तासभर विंचरून चांगली मोकळी केली होती. काका घरात गेले, ते वाटीभर कुंदा घेऊनच आले. मी नको नको म्हणेपर्यंत वाटी खाली.

"खा बाबा, लई सोसलंस."

खव्या-साखरेचा तो चिकट गोळा दाढीत बसला. आंघोळ परवापर्यंत नाही. ओलं फडकं घेऊन बसलोय, आणि काका विचारतायत, "आता काय पुसायलास?"