निबिरू येत नाहीये, दाजी

मंगळवारी रात्री साडेअकराला कराडहून भाच्याचा फोन आला. सातवीत आहे. आवाज एकदम बारीक. म्हणाला, "मामा, तू तेव्हा इकडे येशील का? आपण सगळे एकत्र असू." तेव्हा म्हणजे कधी, विचारलं. "तो ग्रह येईल तेव्हा."

मग ताईशी बोललो. पोरगा चार रात्री धड झोपलेला नाही. गच्चीवर जायचं बंद झालंय. चाचणी परीक्षेचा अभ्यास कशाला करायचा, असं त्यानं तिला विचारलंय. आणि हे सगळं घरच्या ग्रुपवर दाजींनी पाठवलेल्या एका मेसेजमुळे. दाजी, तुम्ही मुद्दाम घाबरवायला पाठवलं नसणार, हे मला माहीत आहे. पण पाठवण्याआधी एकदा विचारायचं होतं. मी इथेच होतो.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: निबिरू नावाचा, गुरूपेक्षा मोठा ग्रह सूर्यमालेत शिरलाय. सुमेरियन लोकांना तो ठाऊक होता, दर ३६०० वर्षांनी तो येतो. नासाला १९८३ मध्येच सापडला, पण लपवला. सध्या तो सूर्याआड आहे म्हणून दिसत नाही. ध्रुव सरकायला लागलेत ही त्याचीच खूण. येत्या सहा महिन्यांत पृथ्वीवर प्रलय. सोबत दोन सूर्यांचे फोटो आणि शेवटी "मन मोकळं ठेवून विचार करा, पुढे पाठवा".

मुद्दे माझ्या क्रमानं घेतो.

सुमेरियन लोकांचं आधी उरकतो. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर निबिरू हा शब्द आहे, हे खरं. तो मार्दुक या देवाशी जोडलेला आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ गुरू ग्रह असा लागतो. म्हणजे आपण रोज पाहतो तोच गुरू. ३६०० वर्षांच्या फेऱ्याचा अज्ञात ग्रह ही कल्पना झकेरिया सिचिन या लेखकानं १९७६ साली पुस्तकात मांडली. त्या लिप्या वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्या अभ्यासकांनी ती मान्य केलेली नाही. त्या पाट्यांमध्ये ग्रह पाचच आहेत: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. नुसत्या डोळ्यांना दिसतात तेवढेच.

१९८३ चं प्रकरण असं. त्या वर्षी आयरास नावाच्या दुर्बिणीनं अवरक्त किरणांत आकाश पाहिलं. अवरक्त म्हणजे उष्णतेचे किरण. साडेतीन लाखांच्या आसपास स्रोत नोंदले गेले आणि त्यातले काही ओळखू येईनात. हे काय असेल, असं शास्त्रज्ञांना विचारलं तेव्हा त्यांनी सगळ्या शक्यता सांगितल्या. सूर्यमालेच्या कडेला गुरूएवढी एखादी वस्तू असेल, ही त्यातली एक. ३० डिसेंबर १९८३ च्या वॉशिंग्टन पोस्टमध्ये तीच बातमी झाली. पुढे मोठ्या दुर्बिणींनी पाहिल्यावर त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू फार दूरच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह निघाल्या, आणि तेही छापून आलं. मेसेज लिहिणाऱ्यानं पहिली बातमी ठेवली, दुसरी टाकून दिली. आणि जी गोष्ट देशाच्या मोठ्या वर्तमानपत्रात छापून आली, ती "लपवली" कशी?

फोटोंवर फार वेळ घालवणार नाही. मोबाइल सूर्याकडे धरला की भिंगांमध्ये प्रकाश उलटसुलट परावर्तित होतो आणि फोटोत दुसरा ठिपका उमटतो. कॅमेरा किंचित हलवला की ठिपका विरुद्ध बाजूला सरकतो. करून बघा. लाल ढगातला चेंडू दाखवणारा फोटो बहुधा व्ही ८३८ मोनोसेरोटिस या ताऱ्याचा आहे. तो २००२ मध्ये अचानक उजळला होता आणि आपल्यापासून सुमारे वीस हजार प्रकाशवर्षं दूर आहे.

आता ज्याच्यामुळे मला खरा संताप आला तो मुद्दा: तो सूर्याआड आहे आणि सरकारं त्याला लपवतायत.

दाजी, तुमची शेती आहे. मृग लागतो म्हणजे काय होतं? जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मृग नक्षत्रात जातो. तेव्हा मृगाचे तारे सूर्याच्या उजेडात बुडालेले असतात, दिसत नाहीत. आणि तोच मृग डिसेंबर-जानेवारीत रात्रभर आकाशात असतो. मृग कुठे गेलेला नसतो, आपण सूर्याभोवती फिरून दुसऱ्या बाजूला आलेलो असतो. जी वस्तू आज सूर्याआड आहे ती दोन-तीन महिन्यांत पहाटेच्या आकाशात दिसायला लागते. वर्षानुवर्षं सूर्याआड लपून राहायचं तर त्या ग्रहाला पृथ्वीच्याच गतीनं, नेमकं समोरासमोर राहून फिरावं लागेल. मग तो लांबून आपल्याकडे येतोय हे म्हणता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये आहेत आणि एकीनं दुसरी खोडून निघते.

आता सहा महिन्यांचा हिशोब. पृथ्वी ते सूर्य हे अंतर, पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे एक खगोलीय एकक. खूप लांबून सूर्याकडे येणारी वस्तू किती वेगानं येईल हे न्यूटनच्या नियमानं ठरतं, ते कुणाच्या मर्जीवर नाही. नेपच्यूनच्या अंतरावरून सूर्यापाशी यायला तिला बारा वर्षं लागतात. सहा महिन्यांत पोचायचं असेल तर ती आज साडेतीन एककांवर पाहिजे, म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये. वर्षभरापूर्वी ती गुरू आणि शनी यांच्या मध्ये असणार.

गुरूपेक्षा मोठा ग्रह, गुरूपेक्षा जवळ. म्हणजे तो गुरूपेक्षा तेजस्वी दिसायला हवा. गुरू तर भर शहरातल्या दिव्यांमधूनही दिसतो, त्याला दुर्बीण लागत नाही. वेस्टा नावाचा लघुग्रह जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर व्यासाचा आहे, आणि तो जवळ असताना अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसतो. मग गुरूहून मोठा गोळा कोण, कशानं झाकणार? भाजीवाल्या मावशींना पहाटे मंडईत जाताना तो दिसला असता. उसाला रात्रीचं पाणी द्यायला गेलेल्या माणसानं आधी सांगितलं असतं.

"फक्त दक्षिणेकडून दिसतो" असंही कुणीतरी ग्रुपवर खाली लिहिलंय. दक्षिण गोलार्धात ब्राझील आहे, ऑस्ट्रेलिया आहे, दक्षिण आफ्रिका आहे, कोट्यवधी माणसं आहेत. आणि आपणही काही उत्तर ध्रुवावर राहत नाही. महाराष्ट्रातून दक्षिणेकडचा अगस्ती तारा दिसतो. एप्रिल-मे महिन्यात दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू हा तारकासमूह दिसतो.

लपवण्याबद्दल अजून एक. सोहो हे यान १९९५ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे आणि त्याची छायाचित्रं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहेत. ती चाळून सूर्याजवळचे पाच हजारांवर धूमकेतू सापडलेत. त्यातले बहुतेक सापडवणारे हौशी लोक आहेत, नासाचे पगारी नव्हेत. २०१९ साली दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला धूमकेतू सापडला तो क्रिमियातल्या गेनादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाला, स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून. यांचं तोंड कोण बंद करणार?

उलट बाजूही बघा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस २०२४ वायआर ४ नावाचा एक लघुग्रह सापडला, अंदाजे साठ मीटरचा. २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत गेली. नासानं तो आकडा जगासमोर ठेवला, रोज बदलत होता तसा रोज सांगितला. आणखी निरीक्षणं आल्यावर ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली, तेही सांगितलं. साठ मीटरच्या दगडाबद्दल जे बोलतात ते गुरूएवढ्या ग्रहाबद्दल गप्प बसतात, हे मला पटत नाही.

आणि ज्यांना एकच पुरावा हवा त्यांच्यासाठी. वाइज नावाच्या अवकाश दुर्बिणीनं २०१० आणि २०११ मध्ये अवरक्त किरणांत संपूर्ण आकाश पाहिलं. मोठा ग्रह अंधारात असला तरी आतून उबदार असतो, त्यामुळे असा शोध घ्यायला हीच पद्धत योग्य. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या केविन लुमन यांनी ती सगळी माहिती तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापला. शनीएवढा किंवा त्याहून मोठा ग्रह १०,००० एककांपर्यंत नाही. गुरूएवढा २६,००० एककांपर्यंत नाही. नेपच्यून तीस एककांवर आहे, म्हणजे हे लोक केवढ्या लांबपर्यंत पाहून आले त्याचा अंदाज घ्या. ३६०० वर्षांचा फेरा म्हटला तर गणितानं तो ग्रह सर्वांत लांब असतानाही ४७० एककांच्या पलीकडे जात नाही. मेसेजमधला ग्रह या शोधात सुटणं शक्यच नव्हतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, नाहीतर उद्या तुम्हीच बातमीची लिंक पाठवाल. लुमन यांनी शोधलं ते शनीएवढं किंवा मोठं. त्याहून लहान ग्रह फार लांब असू शकतो. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी जानेवारी २०१६ मध्ये तसं मांडलं आणि त्याला 'नववा ग्रह' म्हणतात. नेपच्यूनपलीकडच्या काही छोट्या वस्तूंच्या कक्षा एका बाजूला झुकल्यासारख्या दिसतात, त्यावरून हा तर्क. तो अजून कुणी पाहिलेला नाही आणि सगळ्या खगोलशास्त्रज्ञांना तो पटलेलाही नाही. असलाच तर सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला हजारो वर्षं लागतात, आणि सर्वांत जवळ आला तरी नेपच्यूनच्या कितीतरी पलीकडेच राहतो. त्याचा निबिरूशी काही संबंध नाही.

ध्रुवांबद्दलही अर्धं खरं आहे. चुंबकीय उत्तर ध्रुव कॅनडाकडून सैबेरियाकडे सरकतोय. पण पृथ्वीचा अक्ष वेगळा आणि चुंबकीय ध्रुव वेगळा. तो पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींमुळे सरकतो. पूर्वी तो पूर्ण उलटाही झालाय, शेवटचा सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात तसं उलटं चुंबकत्व गोठलेलं आहे, त्याच्यावर संशोधन झालंय. तुमच्या घराच्या पायथ्याशी आहे तो दगड.

आता तारीख. नॅन्सी लीडर या अमेरिकन बाई १९९५ पासून सांगत होत्या की परग्रहवासीयांनी त्यांच्या डोक्यात यंत्र बसवलंय आणि त्यातून त्यांना कळतं. ग्रह मे २००३ मध्ये येणार होता. आला नाही, मग तो २१ डिसेंबर २०१२ च्या माया कॅलेंडरला जोडला गेला. मग २३ सप्टेंबर २०१७. दाजी, तुमचा मुलगा २०१३ सालचा. त्याच्या जन्माआधी दोनदा आणि तो चार वर्षांचा असताना एकदा याच ग्रहानं जग संपायचं होतं. यातलं एक अक्षर तुमच्या मेसेजमध्ये नाही.

हे नुसतं चुकीचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. १९९६ च्या शेवटी हेल-बॉप धूमकेतूच्या मागे एक गूढ वस्तू आहे, अशी अफवा एका फोटोवरून उठली. तो फोटो एका साध्या ताऱ्याचा होता. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात हेवन्स गेट पंथाच्या ३९ जणांनी, ती वस्तू म्हणजे परग्रहावरचं यान आहे असं मानून, त्यातून जायचं म्हणून जीव दिला. २०१२ च्या आधी नासाचे डेव्हिड मॉरिसन लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत असत. त्यांना मुलांची पत्रं येत होती, आणि काही मुलं जगणं संपवण्याचा विचार करत असल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही झाली, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा देशभर यज्ञ झाले, माणसं धास्तावली. तुमच्या वडिलांना विचारा, त्यांना आठवत असेल. त्या ग्रहांनी काही केलं नाही. जे झालं ते भीतीनं झालं.

मन मोकळं ठेवा, असं मेसेज म्हणतो. ठेवू. पण मग उत्तर "नाही" आलं तर तेही ऐकायची तयारी हवी. न दिसलेला ग्रह खरोखर सापडल्याचं उदाहरण आहे. युरेनस गणितानं सांगितलेल्या जागी दिसेना, म्हणून फ्रान्सच्या ल व्हेरिये या गणितज्ञानं कागदावर हिशोब मांडला की पलीकडे अजून एक ग्रह असला पाहिजे, आणि तो अमुक ठिकाणी असेल. बर्लिनच्या वेधशाळेतल्या गालेनं त्याचं पत्र मिळालं त्याच रात्री दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. तो दिवस होता २३ सप्टेंबर १८४६. ल व्हेरियेनं जागा सांगितली होती, म्हणून तो चूक ठरू शकला असता. निबिरूवाले आकाशातली जागा कधीच सांगत नाहीत.

शनिवारी मी कराडला गेलो. द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, बरोबर नेली, गच्चीच्या कठड्यावर टेकवून भाच्याला गुरू दाखवला. चार चंद्र दिसले, तीन एका बाजूला आणि एक दुसऱ्या. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या. त्यानं जुन्या वहीच्या मागच्या पानांवर चित्र काढायला घेतलंय, शेजारी तारीख आणि वेळ. द्विनेत्री मी तिथेच ठेवून आलो. तीन रात्रींची चित्रं ताईनं फोटो काढून पाठवली. चौथ्या रात्रीच्या चौकटीत त्यानं लिहिलंय: "ढग. दिसलं नाही."