कॅमेऱ्याचा चष्मा

मिरामारच्या खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या खाल्ल्या, स्कूटरचा मडगार्ड खाल्ला. आता तो कॅमेऱ्याचं भिंगही खाणार, असं भाकीत मेव्हण्याने केलं. "भावोजी, फिल्टर लावा," म्हणत त्याने आपला जुना 58 मिमीचा यूव्ही फिल्टर काढून दिला. (फिल्मच्या जमान्यात लांबच्या डोंगरांवरचा निळसर धुरकटपणा कापायला तो लागायचा. डिजिटल सेन्सरला त्याचं फारसं सोयरसुतक नाही, हे कळायला मला अजून वेळ होता.)

त्याच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाला पुढे आटे. माझ्या खिशातल्या कॅमेऱ्याचं भिंग चाटून पुसून गुळगुळीत. मग काय, डबल साइड टेप!

किनाऱ्यावर बटण दाबलं. भिंगाने कासवासारखी मान बाहेर काढली, पण डोक्यावर भरली कळशी घेतल्यासारखी, डुगडुगत. सूर्यास्त टिपला. बंद करताना मान आत जाईना. कर्र, कर्र, कर्र... आणि पडद्यावर 'लेन्स एरर'.

"सूर्य गेला आत, हे बाहेरच," बायको म्हणाली.

पणजीतल्या दुरुस्तीवाल्याने विचारलं, "हे चिकटवलं कोणी?" मी पंख्याकडे बघत राहिलो. त्याने चिमट्यात एक प्लास्टिकचं दातेरी चाक धरलं. तिळाएवढे दात, त्यातले दोन गायब. "ह्या मोटारीला भिंगच जेमतेम पेलतं, साहेब. फिल्टरला अ‍ॅडॅप्टरची नळी लागते. ती बॉडीला बसते, भिंग आत मोकळं हलतं. फक्त झूम पूर्ण ताणल्यावर भिंग येतं त्याहून नळी लांब हवी. नाहीतर आतून काचेला टक्कर!" असं म्हणत त्याने भिंगाच्या बुडाची कडी बटण दाबून फिरवली. कडी सुटली, आत सुबक आटे! दोन वर्षं ही कडी मी शोभेची समजत होतो.

नळी आली. खिशातला कॅमेरा आता पिशवीत मावेना.

चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगलेल्या चौकटीखाली) सगळ्यांना बसवून फ्लॅश मारला. गणपती झकास, माटोळीतली कांगलांची रानफळं झकास, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात नळीची अर्धगोल काळी सावली. तिथे सासूबाई बसल्या होत्या.

मेव्हण्याने फोटो निरखला. "भावोजी, आता वेगळा फ्लॅश घ्या. माझ्याकडे एक जुना आहे."