रोज पाच मिनिटं गाडी चालू ठेवून बॅटरी वाचत नाही

पावसाळ्यात गाड्या दारात उभ्या राहिल्या की कोल्हापुरात एक चुकीचा मेसेज हमखास फिरतो. बंद गाडी करंट खात नाही, त्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी उतरली तर ती बदलाच. रोज सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. आणि चार्जिंग होतंय का बघायला चालू गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

यातलं शेवटचं सगळ्यात घातक, म्हणून ते आधी. चालू गाडीत निगेटिव्ह काढली की डायनामोचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) करंट झेलणारी बॅटरीच बाजूला होते, व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. जुन्या, इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या गाड्यांत हे खपून गेलं असेल. त्यापेक्षा गाडी चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले की डायनामो ठीक.

बंद गाडीही करंट खाते. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, ईसीएमची मेमरी हे सगळं जागं असतं. 50 मिलिअँपिअरपर्यंतचा खप साधारणपणे चालतो. पण तेवढा धरला तरी दिवसाला 1.2 अँपिअर-अवर जातात, म्हणजे लहान गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी रिकामी. गाडी ठीक, बॅटरीही ठीक.

आमच्या राजारामपुरीतल्या शेजारच्या काकांनी मेसेज वाचून बॅटरी बदलली, जुनी बदल्यात देऊन टाकली. रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. तरी चौथ्या दिवशी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. मी जम्प देऊन गाडी चालू केली, मग बंद करून मोबाईलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावलं, मोबाईल डिकीत ठेवला आणि डिकी लावली. बाहेर काढून बघितलं तर व्हिडिओभर लख्ख उजेड! डिकी लावल्यावर आतला दिवा विझवणारं बटण गंजून अडकलं होतं, दिवा रात्रंदिवस जळत होता.

पाच वॉटचा दिवा दिवसाला 10 अँपिअर-अवर खातो. पाच मिनिटांत डायनामोनं बॅटरीत 10 अँपिअर सोडले असं धरलं, तरी जेमतेम 0.8 परत येतात, त्यातलेही थोडे सेल्फ खातो. शिवाय इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, पेट्रोल जातं ते वेगळंच. आठवड्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत, म्हणजे वीसेक किलोमीटर, जाऊन या, बॅटरीला त्याचा खरा उपयोग होईल.

बॅटरी वारंवार उतरत असेल तर नवी घेण्याआधी करंटची गळती शोधा. उद्यमनगरात नाहीतर जवळच्या ऑटो वायरमनकडे जा आणि निगेटिव्हच्या लाइनीत मीटर लावून घ्या. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, कारण गाडीतले सगळे छोटे कॉम्प्युटर (मॉड्यूल) झोपायला वेळ लागतो. मग एकेक फ्यूज काढायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, चोर त्या लाइनीवर. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, जीपीएस, डॅशकॅम आधी तपासा, माझ्या अनुभवात बहुतेकदा तिथंच सापडतो.

महिनाभर गाडी काढायचीच नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह काढून ठेवा. मात्र इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना पुरतो.